कन्नड कानाला कळतं, डोळ्याला नाही. मग मोबाइलमध्ये ठेवू तरी काय?

पत्र: ताई, नमस्कार. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत. कन्नड बोललेलं सगळं समजतं, बाजारात आणि बसमध्ये बोलतेसुद्धा. पण अक्षर समोर आलं की अडते. गावच्या महिला संघाचा हिशोब माझ्याकडे आहे. जमीन यजमानांच्या नावावर असली तरी कागदांची धावपळ मीच करते. पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, काढायची असो नाहीतर मुलीचा फॉर्म भरायचा असो, प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातात फोन द्यावा लागतो. माहेरचा सातबारा भाऊ दाखवतो म्हणतो, पण ते राहूनच जातं. पुण्याच्या पुतण्यानं ‘हे पस्तीस अ‍ॅप घाल’ म्हणून यादी पाठवली. निम्मी घातली आणि फोन भरला, आता साधा फोटो निघेना. तुम्ही रोज काय वापरता? मी काय ठेवू, काय काढू? आणि यातल्या कशाला पैसे पडतात?

उत्तर:

वहिनी, तुमच्या पत्रातलं ‘प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातात फोन द्यावा लागतो’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुतण्यानं यादी प्रेमानं पाठवली आहे, पण ती पुण्यात राहणाऱ्याच्या सोयीची आहे. घरपोच जेवण आणि दारात येणारी टॅक्सी तुमच्या गावात येत नाही, आणि तुमची अडचणही ती नाही. तुमचा फोन, तुमचे कागद आणि तुमचा हिशोब तुमच्याच हातात राहिला पाहिजे. त्यासाठी जे लागतं तेवढंच ठेवायचं.

आधी जागेचं बघू. बहुतेक सरकारी कामांना अ‍ॅप घालावं लागतच नाही. क्रोममध्ये ते संकेतस्थळ उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा आणि ‘होम स्क्रीनवर जोडा’ निवडा. अ‍ॅपसारखंच चिन्ह समोर येतं, जागा मात्र नावापुरती घेतं. फोन भरण्याचं दुसरं कारण बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच असणार. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते दिसतं. तिथले मोठे व्हिडिओ एकगठ्ठा काढा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करा. फोन धुऊन देतो, बॅटरी वाचवतो असं सांगणारी यादीतली सगळी अ‍ॅप काढून टाका, त्यांचा काही उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही म्हणता कन्नड वाचता येत नाही. पण तुम्हाला भाषा येते, अडतं ते फक्त लिपीशी. आपल्या भागात अशी माणसं घरोघरी आहेत: कानानं पक्की, डोळ्यानं अडलेली. त्यांच्यासाठी माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे ‘अक्षरमुख’. विनोद राजन यांनी तयार केलेलं हे संकेतस्थळ आहे, फुकट आहे, आणि ते भाषांतर करत नाही. एका लिपीतला मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या लिपीत उतरवून देतं. शंभराहून अधिक लिप्या त्यात आहेत. आपल्याला दोनच हव्यात. मजकूर टाकायच्या चौकटीत कन्नड चिकटवायचं, मूळ लिपी कन्नड आणि हवी असलेली लिपी देवनागरी अशी निवड करायची. तेच कन्नड आपल्या अक्षरांत समोर येतं.

पहाणीचंच उदाहरण घ्या. कर्नाटकानं ‘भूमी’ योजनेत हाताने लिहिलेल्या पहाण्या २००० सालच्या आसपासच संगणकावर आणायला घेतल्या होत्या. आज भूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव आणि सर्वे नंबर घातला की पहाणी बघता येते. सर्वे नंबरनंतर ‘सर्नॉक’ नावाचा एक रकाना येतो आणि बरेच जण तिथंच थांबतात. तिथं बहुतेक वेळा नुसती चांदणी असते, ती निवडायची आणि पुढं हिश्शाच्या नंबरावर जायचं. पहाणी उघडली की स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये (फोटोतली अक्षरं वाचणारं गुगलचं साधन) तो उघडा, अक्षरं निवडून कॉपी करा आणि अक्षरमुखात चिकटवा. मग काय दिसतं बघा: ‘सर्वॆ नंबर्’, ‘हिस्सा’, ‘खातॆ’, ‘ऎकरॆ’, ‘गुंटॆ’. यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही. अक्षरावरची ती वेगळी मात्रा बघून बिचकू नका. कन्नडात ऱ्हस्व ए असतो, तो दाखवायला ती येते. ‘ए’ म्हणून वाचून टाका, कान बाकीचं सांभाळून घेतो.

पहाणीतल्या नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि अकराव्यात ‘इतरॆ हक्कुगळु मत्तु ऋणगळु’. हा अकरावा रकाना तुम्ही स्वतः वाचायला शिका, मी आग्रहानं सांगते. पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेचं, किंवा बँकेचं कर्ज काढलं की त्याची नोंद इथं चढते. कर्ज फेडलं म्हणजे ती आपोआप उतरली असं धरून चालू नका. फेडल्याचा दाखला घेऊन नोंद कमी करून घ्यावी लागते, आणि घरच्या माणसानं रकाना वाचलाच नाही तर वाटणीच्या किंवा नव्या कर्जाच्या वेळी ती जुनी नोंद आडवी येते.

एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवते. एखाद्या कार्यालयाकडून आलेल्या पीडीएफमधून कन्नड कॉपी केलं की कधी कधी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटतो. फोन बिघडलेला नसतो. तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. दिसायला कन्नड, आत भलतंच. अशा वेळी कॉपी करत बसू नका. स्क्रीनशॉट काढून लेन्सनं वाचा. लेन्स अक्षराचा आकार बघतो, आतलं काही बघत नाही.

गुगल ट्रान्सलेट तुमच्या फोनमध्ये असू द्या. त्यात कन्नड २०११ मध्ये आलं, मराठी २०१३ मध्ये, आणि दोन्ही भाषा उतरवून ठेवल्या तर रेंज नसतानाही चालतं. खानापूरच्या जंगलपट्टीत राहणाऱ्याला याची किंमत सांगायला नको. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ दिसतो. पण कागद महत्त्वाचा असेल तर त्या भाषांतरावर विसंबू नका. नोटिशीतली तारीख, रक्कम, अमुक दिवसांच्या ‘आत’ की ‘नंतर’, आणि होकार की नकार, नेमकं तिथंच यंत्र घसरतं. आडनावाचा आणि गावाच्या नावाचा अर्थ लावायलाही ते मागंपुढं बघत नाही. म्हणून कागद नोटिशीचा, कोर्टाचा किंवा जमिनीचा असेल तर आधी अक्षरमुखातून मूळ कन्नड वाचा आणि अडलेल्या शब्दापुरतं भाषांतर बघा.

उलटी वाट तर याहून कामाची आहे. कन्नडात अर्ज लिहायचा आहे समजा. ट्रान्सलेटमध्ये मराठीत बोला. बोलून टाइप करायची सोय गुगलनं मराठी आणि कन्नड दोन्हीला २०१७ मध्येच दिली आहे. आलेलं कन्नड तसंच कुणाला पाठवू नका. स्पीकरचं चिन्ह दाबा आणि ऐका. ‘असं कोण बोलतं?’ असं जिथं वाटेल तिथं चूक आहे असं समजा. मराठी वाक्य सोपं करून, छोटं करून पुन्हा बोला. शहरातल्या ज्या मराठी माणसाला कन्नड अजिबात येत नाही, त्याला ही चूक पकडता येणार नाही. तुम्ही पकडाल. तुमच्याकडे कान आहे, आणि या सगळ्या यंत्रांपेक्षा तो जास्त भरवशाचा आहे.

भूमी असो की सरकारी सेवांच्या अर्जांचं ‘सेवासिंधू’, तिथं कन्नड आणि इंग्रजी आहे, मराठी नाही, याचं दुःख मलाही आहे. संविधानाच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत आपण अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडू शकतो. तो हक्क सोडायचा नाही, मराठीत अर्ज द्यायचा असेल तर जरूर द्या. पण पहाणीतली चूक आज आहे आणि ती आज वाचायला हवी. मागणी मान्य होईपर्यंत आपल्या जमिनीचा कागद न वाचता राहणं परवडत नाही.

आता माहेरचा सातबारा. वहिनी, यासाठी भावाची वाट बघू नका. महाराष्ट्राचं ‘महाभूलेख’ संकेतस्थळ मराठीत आहे. पुणे विभाग निवडा, मग कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका, गाव. गट नंबर ठाऊक नसेल तरी चालतं, वडिलांच्या नावानं शोधता येतं. बघायला पैसे पडत नाहीत. फक्त ती प्रत सरकारी कामाला चालत नाही. सही असलेली हवी तर डिजिटल सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळते, आणि ज्या फेरफारानं नावं चढली किंवा उतरली त्याची प्रतही तिथं काढता येते. वारस नोंद झालेली असेल तर त्यात तुमचं नाव आहे की नाही ते डोळ्यांनी बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायदा दुरुस्तीनं दिला आहे. हक्क मागायचा की सोडायचा हा तुमचा आणि तुमच्या घरचा प्रश्न, त्यात मी पडणार नाही. पण सोडायचा असेल तर तो माहीत असून सोडलेला असावा, कागद बघायचा राहिला म्हणून गेलेला नसावा. कागद बघितला म्हणजे भावावर अविश्वास दाखवला असं होत नाही.

संघाच्या हिशोबाला गुगल शीट्स घ्या. माझ्या फोनमध्ये रोज उघडणारं तेच आहे. उभ्या ओळीत बायकांची नावं, आडवे महिने, प्रत्येक घरात त्या महिन्याची बचत. कर्ज आणि हप्ता यांचं वेगळं पान. बेरीज ते करतं. पण माझ्या लेखी त्याचा मोठा फायदा दुसराच आहे. ‘फक्त बघण्यासाठी’ असा दुवा संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की प्रत्येक बाईला आपलं खातं घरबसल्या दिसतं, बदलता मात्र येत नाही. संगणकावर उघडलं तर कुठला आकडा कधी आणि कुणी बदलला तेही बघता येतं. गावातल्या संघात भांडणं पैशापेक्षा ‘आम्हाला दाखवलंच नाही’ यावरून जास्त होतात, आणि त्यात हिशोब ठेवणाऱ्या बाईचंच नाव आधी खराब होतं. हा दुवा तुम्हालाच सांभाळेल. कागदाची वही मात्र बंद करू नका. बँक तीच मागते, सह्या तिच्यावरच होतात.

मुलीच्या फॉर्मसाठी दोन गोष्टी. फोटो अमुक केबीच्या आत हवा म्हणतात तेव्हा लोक नाव न बघता समोर येईल त्या संकेतस्थळावर मुलीचा फोटो, सही, आधार, सगळं चढवून मोकळे होतात. तसं करू नका. ‘स्क्वूश’ म्हणून एक साधन आहे, गुगलच्या क्रोमवाल्यांनीच केलेलं. ते ब्राउजरमध्ये उघडतं आणि फोटो लहान करायचं काम तुमच्या फोनमध्येच होतं, फोटो बाहेर कुठंही जात नाही. खालची पट्टी सरकवली की किती केबी झाले ते लगेच दिसतं. दुसरी गोष्ट आधारची. नुसतं ओळखीपुरतं आधार मागितलं असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर, जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी घालून ते मिळतं. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड विचारते तिथं बरेच जण अडतात. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड आहे. फॉर्म भरायला ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर उठण्याआधी त्यांच्या संगणकावरची फाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आपल्यादेखत काढायला सांगा. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

मुलीला कन्नडचा अभ्यास जड जात असेल तर ‘अलर’ दाखवा. व्ही. कृष्ण यांनी अनेक वर्षं एकट्यानं जमवलेला कन्नड-इंग्रजी कोश २०१९ मध्ये सगळ्यांना खुला झाला, दीड लाखाच्या आसपास नोंदी आहेत. मराठीसाठी मी स्वतः मोल्सवर्थचा कोश उघडते. १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. आपल्या आज्या बोलायच्या ते शब्द तिथं सापडले की फार बरं वाटतं, आणि लेकीला दाखवावंसं वाटतं.

अ‍ॅप म्हणून जागा द्यावी असं आणखी एक आहे: ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं ते विजेच्या इशाऱ्यासाठी केलं आहे. तुम्ही आहात तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो दुपारी, माणसं शेतात असतात आणि पाऊस आला की पहिली धाव आंब्याच्या झाडाखाली घेतात. त्यासाठी लोकेशन चालू ठेवा आणि सूचना बंद करू नका, नाहीतर ते असून नसल्यासारखं. इशारा आला की झाड सोडून पक्क्या घरात. यजमानांच्या फोनमध्येही घाला, कारण त्या वेळी शेतात बहुधा ते असतील.

रेल्वेनं जाणं-येणं असेल तर ‘व्हेअर इज माय ट्रेन’ ठेवा. गाडीत बसल्यावर इंटरनेट नसलं तरी मोबाइल टॉवरवरून ते ठिकाण सांगतं, लोंढ्याच्या पुढं घाटात उपयोगी पडतं.

पैशाच्या बाबतीत एकच यूपीआय अ‍ॅप ठेवा, यादीतली बाकीची काढा. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन मागितला की समोरचा पैसे काढून घेतोय हे पक्कं समजा. झटपट कर्ज देणारं अ‍ॅप फोनमध्ये असेल तर हे वाचून झाल्याबरोबर काढा, संघातल्या बायकांनाही काढायला लावा. किसान सन्मानचा हप्ता, लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड असं काही सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइल (दाबली की फोनमध्ये परकं अ‍ॅप घालणारी) आली तर ती दाबू नका, ओळखीच्या नंबरावरून आली तरी नाही. त्यांचाच फोन आधी फसलेला असू शकतो. आणि पैसे गेलेच तर लाजत घरात बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, मग बँकेला. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढं जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

तुमचा शेवटचा प्रश्न पैशाचा. वर सांगितलेल्यांपैकी अक्षरमुख, लेन्स, ट्रान्सलेट, शीट्स, स्क्वूश, अलर, मोल्सवर्थ, दामिनी हे सगळं फुकट आहे. रेल्वेच्या अ‍ॅपलाही पैसे पडत नाहीत, मध्ये जाहिराती दिसतील तेवढंच. भूमीवर आणि महाभूलेखवर नुसती बघायला फी नाही. सहीचा सातबारा काढलात तर १५ रुपये. यापलीकडे यातल्या कशाच्याही नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आणि केंद्रात सेवेचे पैसे घेतले तर पावती मागा. अक्षरमुखात पहाणी वाचताना एखादी ओळ अडली तर तिचा फोटो मला पाठवा. फक्त सर्वे नंबर आणि नावं झाकून पाठवा.